राजेळीआडची वाट

निर्मळ, मागची वाडी
मंगळवार, ४ मार्च २०२५

स्टॅनीदादा,

'प्रिय' लिहिणार होते, पण तीन वर्षांत तू मला ना प्रिय म्हणालास ना अप्रिय, म्हणून नुसतं नाव. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस. रस्त्याने वळसा घालून तुझ्या दारात आले तर मर्सीवहिनी सांगते, 'ते झोपलेत', तेही सकाळी दहाला. म्हणून हा कागद. पाववाला तुमच्या फाटकाच्या खिळ्याला पिशवी अडकवतो, तिच्यात टाकायला सांगितलाय. पावाबरोबर आलेली वस्तू तू परत पाठवणार नाहीस एवढी मी तुला ओळखते.

तुझी खुशाली विचारत नाही. ती मला ऐकू येते. आपल्यामध्ये एक तार आणि केळीची एक रांग, तू खोकलास की आमच्याकडे तुझा मेहुणा परेश उठून बसतो.

कामाचं सांगते. माझ्या मीराला शाळेने नाकारलं.

आपल्या शाळेची गल्ली तुला माहीतच आहे. दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला चर्चपर्यंत मागे जावं लागतं. म्हणून आता शाळेने नियम केलाय, पहिलीच्या निम्म्या जागा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आणि पायी येणाऱ्या मुलांना, बाकीच्या सोडतीने. मी अर्जात लिहिलं, 'वाडीच्या वाटेने पायी, दहा मिनिटं.' हात आपोआप तसाच चालला. या गावात कोणी कधी रस्त्याचं अंतर सांगितलंय का? चर्च किती लांब, तर दोन वाड्या. बाजार किती लांब, तर बावखलाच्या पाण्याच्या काठाने गेलं की आलाच. तू घातलेली तार माझ्या डोक्यातच आली नाही, खरं सांगते. दहा वर्षं त्या वाटेने मी शाळेत गेले, सुरुवातीची तुझ्या मागून, तुझं दप्तर धरून.

मग शाळेच्या ऑफिसातला प्रितेश पडताळणीला आला. नालासोपाऱ्याचा पोरगा, स्कूटरवर, मोबाइलचा नकाशा बघत. देवळावरून, तळ्याला वळसा घालून, मागच्या रस्त्याने पोचला. म्हणाला, "मॅडम, मॅप दीड किलोमीटरच्या वर दाखवतोय. दहा मिनिट कैसे?" मी त्याला मागच्या दारी नेलं आणि बोट दाखवलं. त्याला दिसली तार आणि तारेमागे राजेळी केळी. त्याने तसंच लिहिलं, त्यात त्याची काही चूक नाही. सोडतीतही मीराचं नाव निघालं नाही. काल नकार आला.

पप्पांनी जिवंतपणी, चांगल्या शुद्धीत, मागचा तुकडा माझ्या नावावर केला. तुझं म्हणणं, मुलीला सोनं देतात, वाडी देत नाहीत. पप्पा गेल्यावर त्यांच्या वर्षाच्या मिस्सेनंतर तू वाटेला तार ओढलीस, आणि इथे वाट होती हेसुद्धा कोणाला दिसू नये म्हणून आत राजेळीची रांग लावलीस. यावर मी तेव्हा भांडले, आज भांडत नाही. आज मला वेळ नाही.

तू म्हणशील, नालासोपाऱ्यात शाळा कमी आहेत का. भरपूर आहेत. पण स्कूटर घेऊन परेश पहाटे स्टेशनला जातो, म्हणजे तिला व्हॅन आली, आणि मीरा व्हॅनमध्ये बसली की ओकते. बालवाडीची दोन वर्षं तशीच गेली. गोळ्या झाल्या, आलं-लिंबू झालं, पुढची सीट झाली. आता व्हॅन येणार म्हणून ती सकाळी तोंडात काही घालतच नाही. ओकायला नको म्हणून खायचं नाही, हा उपाय तिचा तिने काढलाय. सहा वर्षांची पोर, आणि फ्रॉक खांद्यावरून घसरतो. डॉक्टर म्हणाले, हिला चालत जाता येईल अशी शाळा बघा. अशी शाळा एकच आहे, आणि तिच्या आणि शाळेच्या मधे तू आहेस.

मी अपील करणार आहे. तुला विचारत नाही, कळवते आहे. उद्या राखेचा बुधवार. तू दरवर्षी उपवासकाळात मटण सोडतोस. यंदा मटण खा आणि हट्ट सोड.

विनी


बुधवार, १२ मार्च

स्टॅनीदादा,

उत्तर मिळालं. पाववाला म्हणाला, "स्टॅनीशेठनी सांगितलंय, पावाच्या पिशवीत फक्त पाव टाकायचे." म्हणजे वाचलंस. हे आज बटरच्या पुड्यात घालते आहे, बटराबद्दल तू काही म्हणाला नव्हतास.

काल अपिलाची सुनावणी झाली. समितीत तिघं. संस्थेचे एक विश्वस्त, कागद सांभाळायला प्रितेश, आणि मधल्या खुर्चीत कोण, तर आपल्या रिटा टीचर. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण खुर्चीत बसायची ऐट तीच. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "स्टॅनीची बहीण ना तू? बोल, पण मुद्द्याचं बोल. तुझ्या भावाला एक वाक्य बोलायला अर्धा तास लागायचा आणि तुला एक वाक्य थांबवायला."

मी मुद्द्याचंच बोलले. व्हॅनचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, वाटेचं सांगितलं. विश्वस्त म्हणाले, "मॅडम, जी वाट बंद आहे तिला आम्ही वाट कसं म्हणायचं?"

मी म्हटलं, "सर, दुपारी चर्चच्या दाराला कुलूप असतं. म्हणून कोणी त्याला गोदाम म्हणत नाही."

विश्वस्त हसले नाहीत. रिटा टीचरही हसल्या नाहीत, पण त्यांनी पेनाचं टोपण काढलं, आणि मनात काही पक्कं झालं की त्या टोपण काढायच्या, ते आपल्या दोघांना चांगलं आठवतं.

तर असं ठरलंय. शनिवारी, २९ तारखेला सकाळी समिती आमच्या घरापासून शाळेपर्यंत स्वतः चालून बघणार. वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी हवी. आणि जमिनीच्या मालकाने समितीसमोर तोंडाने सांगायला हवं की मुलीला रोज जा-ये करू देईन. यातलं एक जरी नसलं तरी नकार कायम. तू माझ्याकडे बघत नाहीस, बोलत नाहीस, आणि माझ्या लेकीचं सगळं आता तुझ्या एका वाक्यावर येऊन अडकलंय. देवाला दुसरा कोणी मिळाला नाही.

परेश म्हणतो, सरळ तहसीलदाराकडे वहिवाटीचा अर्ज टाकू, वापरातली वाट अशी कोणाला अडवता येत नाही. त्याने कागदही आणून ठेवलेत. तो कोकणातला, त्यांच्याकडे बांधावरून आजोबा भांडतात आणि तारखेला नातू जातो. त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. मी अजून सही केलेली नाही. 'अजून' हा शब्द नीट वाच.

उपवासकाळाच्या दर शुक्रवारी तू चर्चमध्ये क्रुसाची वाट करतोस, चौदा ठिकाणी गुडघे टेकतोस. घरच्या वाटेवर गुडघे टेक असं मी म्हणत नाही. नुसती तार काढ.

विनी


शनिवार, २२ मार्च

दादा,

पकडला गेलास.

काल मीराच्या फ्रॉकच्या खिशाला मुंग्या लागल्या. आत हात घातला तर केळीच्या सोपटात गुंडाळलेलं, उन्हात वाळवलेल्या केळ्याचं अर्धं सुकेळं. असं घट्ट सोपट बांधणारा आणि त्याला वरून दोन गाठी मारणारा माणूस या वाडीत एकच आहे. पप्पा एकच गाठ मारायचे.

मी तिला समोर बसवलं. "हे कुठून आणलंस?"

"मामाने दिलं. तारेतून."

"कधीपासून देतो?"

"खूप आधीपासून. मामा म्हणाला, मम्मीला सांगू नको, ती लेक्चर देईल." मग थोडा विचार करून म्हणाली, "मामा रोज विचारतो, आज ओकलीस का? नाही ओकले तर एक देतो. ओकले तर दोन."

"मग ओकलेलंच बरं की."

"नाही ना. मी ओकले की मामाचा चेहरा खराब होतो."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासत बसले. दादा, ती सकाळी माझ्या हातचं काही खात नाही. मी शिरा करून बघितला, धिरडी करून बघितली, ओरडून बघितलं, रडून बघितलं. दिवसभराचं तिच्या पोटात काय जातं म्हणून मी रात्री परेशशी बोलत बसायचे, आणि संध्याकाळी तारेतून तू तिला राजेळीचं सुकेळं भरवत होतास. मला राग यायला हवा होता. आला नाही.

वहिवाटीचा कागद फाडला. तुला घाबरवायला लिहिलं होतं, सही मी कधीच करणार नव्हते. परेशला सांगितलं, माझ्या भावाला कोर्टात उभं करून लेकीला शाळेत घालायचं नाहीये मला. तो म्हणाला, मग दुसरा उपाय काय? मी म्हटलं, माहीत नाही. तेव्हा आता माझ्याकडे धमकी नाही, कायदा नाही, काही नाही. मी तुला मागते आहे. मागायला मला आवडत नाही हे तुला माहीत आहे, लहानपणी तुझ्या ताटातला बोंबील मी मागत नसे, उचलत असे.

मला तुझी आठवण येते. एवढी जवळ राहून यावी ही शरमेची गोष्ट आहे, पण येते.

पुढच्या शनिवारी, सकाळी.

विनी


रविवार, ३० मार्च

दादा,

काल काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण ते अर्धं, वाटेवरच्या क्रुसाजवळचं. आणि तेही तू तुझ्या तोंडाने कोणाला सांगणार नाहीस. म्हणून मी सगळं लिहून ठेवते.

समिती दारात आली तेव्हा तार निघालीय की नाही हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं धैर्य नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळपासून मी मागचं दार लावून घेतलं होतं आणि परेशलाही तिकडे फिरकू दिलं नव्हतं. पहाटे कोयत्याचा आवाज आला. परेश म्हणाला, "कोणीतरी केळ तोडतंय." मी म्हटलं, "तोडू दे, बाजाराला पाठवायची असेल." आणि कुशीवर वळले. झोपेचं सोंग मी तुझ्याकडूनच शिकले.

रिटा टीचर कॅनव्हासचे बूट घालून आल्या होत्या. विश्वस्त चकचकीत चपलांत. मी मनातल्या मनात एक 'नमो मरिया' म्हटलं आणि मागचं दार उघडलं.

तार गुंडाळून खांबाला टांगलेली होती. आणि रांगेच्या मधल्या चार केळी बुंध्यापासून कापलेल्या, चीक अजून गळत होता. त्यातल्या दोघींना केळ्यांचं लोंगर होतं, अर्धं भरलेलं. त्यांना टेकू तू लावलेस तेव्हा मी खिडकीतून बघत होते, चार वेळा काढून पुन्हा लावलेस. पप्पांनी आयुष्यात भरत आलेलं लोंगर कापलं नाही. वाऱ्याने एखादं पडलं तरी दोन दिवस घरात कोणाशी नीट बोलायचे नाहीत. तूही कधी कापलं नव्हतंस.

रिटा टीचर त्या बुंध्यांपाशी थांबल्या. वसईच्याच त्या, त्यांना काही सांगावं लागलं नाही. एवढंच म्हणाल्या, "आजच कापलंय." मी नुसती मान हलवली. मी, जिला तू रेडिओ म्हणायचास.

पुढे पाटावर नवी फळी होती. बावखलाच्या काठचं गवत साफ होतं. प्रितेश मोबाइलमध्ये बघत चालत होता, मधेच थांबून म्हणाला, "सर, मॅपवर आपण पाण्यात आहोत." रिटा टीचर म्हणाल्या, "मग पोहत ये."

मीरा सगळ्यांच्या पुढे. मला वाटत होतं, तारेपलीकडची वाट तिने पाहिलेली नाही, तिला हात धरून न्यावं लागेल. तर ती विश्वस्तांना सांगत होती, "अंकल, इथे पाय जपून, इथे मुळं आहेत. आणि त्या दगडाखाली विंचू होता, मामाने दाखवला." म्हणजे नुसती सुकेळी तारेतून आली नाहीत, पोरगीही तारेखालून गेली होती. त्याचा हिशेब आपण नंतर करू.

आणि क्रुसाजवळ तू. सणाचा पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, आणि हात कोपरापर्यंत चिकाने काळे. शर्टावरही डाग पडलाय, तो आता जन्मात जाणार नाही. वहिनी मला शिव्या घालणार.

विश्वस्तांनी विचारलं, "ही वाडी तुमची?"

"हां."

"या मुलीने रोज इथून जा-ये केली तर तुमची हरकत आहे?"

तू हातावरचा चीक खरवडत राहिलास. रिटा टीचरांनी घड्याळात बघितलं. मला वाटलं, संपलं, हा वळून घरात जाणार. मग तू जमिनीकडे बघत बोललास, आणि तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य बोललास.

"हरकत कसली? वाट आमच्या पप्पांची हाय. मी तिच्यावरून शाळेत गेलो, ही रडत माझ्या मागून गेली, आता हिची पोरगी जाईल. त्यात इचारायचं काय?"

'ही' म्हणताना माझ्याकडे बोट केलंस. बघितलं नाहीस, पण बोट बरोबर माझ्याकडे होतं.

"पुन्हा बंद करणार नाही ना?" विश्वस्तांनी विचारलं.

"पोरगी धावी पास होईस्तोवर नाय."

"आणि नंतर?" हे रिटा टीचर.

"नंतर ती मोठी होईल. मग तिला कोण अडवणार?"

प्रितेशने मोबाइल वर धरला आणि म्हणाला, "सर, किलोमीटरच्या आत आहे. बहोत आत." रिटा टीचरांनी पेनाचं टोपण काढलं, खाली दोन ओळी लिहिल्या आणि टोपण परत लावलं. तू तोवर घरात गेला होतास. बरं झालं. बघितलं असतंस तर मी तिथेच क्रुसासमोर भोकाड पसरलं असतं.

संध्याकाळी दोन्ही लोंगरं आमच्या पायरीवर. कच्च्या केळ्यांची भाजी खातोय. परेश म्हणतो, अपील मंजूर होईल तेव्हा होईल, तोवर हा प्रसाद संपणार नाही.

विनी


ईस्टर, २० एप्रिल

दादा,

मंजूर! मंजूर, मंजूर. बुधवारी पत्र आलं, इयत्ता पहिली, तुकडी अ. नकाराच्या पत्रावर जो शिक्का होता तोच यावर, पण हा किती सुरेख उठलाय बघ.

मी तीनदा वाचलं, परेशने दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच ऑफिसात पेढे नेले. मग मीरा उठल्यावर तिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, "व्हॅन नाही ना?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

तिने माझ्या बशीतला अर्धा पाव उचलला, मागच्या पायरीवर जाऊन बसली आणि तुझ्या वाडीकडे बघत सगळा खाल्ला. सकाळी साडेसातला, दादा. मी पडद्याआड उभी होते, श्वास धरून, जसं काही चिमणी दाणे टिपतेय.

मटण मीराच्या हातून पाठवते आहे. यंदा तू ते खरंच कमावलंस. डबा परत करताना रिकामा पाठवू नये, हे वहिनीला माहीत आहे, तुला सांगते.

विनी


सोमवार, १६ जून

दादा,

शाळा सुरू झाली. मीराने आज जायच्या आधी दोन पाव आणि एक अंडं खाल्लं आणि वर विचारलं, "अजून काय आहे?" हे वाक्य माझ्या घरात दोन वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. फ्रॉकचा गळा मी मे महिन्यात आत घेतला होता, तो आता उसवावा लागणार. आनंदाने उसवीन.

तारेच्या जागी तू फाटक बसवलंस. शेळ्या शिरतात म्हणून, असं तू पाववाल्याला सांगितलंस म्हणे. आपल्या आळीत शेळी कोणाकडे आहे ते एकदा मला सांग. मी ते फाटक नीट तपासलं. कडी एवढी खाली आहे की मोठ्या माणसाला वाकावं लागतं, मीराचा हात मात्र बरोबर पोचतो. आणि कडी फक्त आमच्या बाजूला आहे. तुझ्या बाजूने नुसती सपाट फळी. हे फाटक तुला लावताच येणार नाही, दादा. ते आमच्या हातात आहे.

सकाळी आम्ही क्रुसापाशी पोचलो होतो. मीरा एका हातात माझं बोट आणि दुसऱ्या हातात फुलं घेऊन होती, नव्या बाईंना द्यायला. तेवढ्यात मागून, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी हाक आली.

"विने! पोरीची बाटली राह्यली हितं फाटकावर!"

तीन वर्षांतला माझ्याशी पहिला शब्द, आणि तोही ओरडून. मीरा धावत मागे आली, बाटली घेतली, तू तिच्या डोक्यावर टपली मारलीस हे मला लांबून दिसलं. मला मात्र ओ देता आली नाही. तू थोडा वेळ तिथे उभा होतास, मग वळलास. तुला वाटलं असेल, विनी अजून रागात आहे.

नाही रे. शाळेच्या दारात मीराने माझं बोट स्वतः सोडलं, मागे न बघता आत गेली, आणि रिटा टीचर खास आल्या होत्या त्या म्हणाल्या, "ही मामावर गेलीय, बोलत नाही पण जाते बरोबर." मी हसले, आणि मग तुझ्या वाडीतून एकटी परत आले. सगळी वाट तुझं नाव घेऊन आले, पण तू पाट फिरवायला मागे गेला होतास.

हे शेवटचं पत्र. पाववाल्याला सांगितलंय, उद्यापासून पिशवीत फक्त पाव. मला काही म्हणायचं असलं तर मी फाटकातून हाक मारीन.

आणि सकाळच्या तुझ्या हाकेला ओ द्यायची बाकी आहे, ती आता देते.

ओ, दादा.

विनी